भिंतीकडची बाजू

तुमच्या पोराच्या बाकाला खालून कधी हात लावून पाहिलाय का? नाही ना? पालकसभेला जाता, बाईंनी पुढे केलेली वही चाळता, 'घरी अजिबात लक्ष देत नाही हो' असं पोराच्या देखत सांगून मोकळे होता. बसताही त्याच बाकावर, गुडघे दुमडून, मोबाईल बघत. पण हात काही खाली जात नाही. कुणा एकाचा गेला असता तर मला हे लिहायला बसावं लागलं नसतं.

शाळेत पोरांनी धुडगूस घातला, हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. फुटलेल्या काचांचा फोटोही आला होता, छान मोठा. मी सांगणार आहे ते त्या शाळेच्या सुताराबद्दल. त्याचा फोटो कुठेही आला नाही. येण्यासारखं त्यानं काही केलंही नाही. त्यानं काय केलं नाही, तेच सांगायचंय.

साठीला टेकलेला माणूस. उजव्या हाताचं मधलं बोट अर्ध्यावर संपतं, यंत्रानं नेलं. कानावर चपटी पेन्सिल. त्याची बायको म्हणते, "यांची पेन्सिल आधी जन्मली, कान नंतर फुटला." सगळे त्याला मिस्त्री म्हणतात, शाळेतली पोरं पॉलिशकाका. सहावीतून शाळा सुटली, बापाच्या हाताखाली रंधा धरला. पण वाचायची मोठी हौस. ओठ हलवत, एकेक अक्षर चावत वाचतो, पण वाचतो सगळं. दुकानांच्या पाट्या, पुडीचा कागद, गोळ्यांच्या पाकिटामागची बारीक अक्षरं. कुणी "मिस्त्री, तुम्हाला वाचता येतं?" असं विचारलं की त्याला राग येतो. मला हा माणूस त्याच रागासाठी आवडायचा.

बापानं त्याला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. पहिली, तयार मालावर पेन्सिलीची रेघ राहता कामा नये. राहिली तर बाप तिथल्या तिथे कानाखाली काढायचा, गिऱ्हाइकासमोर. दुसरी, भिंतीकडच्या बाजूला पॉलिश मारण्यात वेळ घालवायचा नाही; तिकडे कोण बघतंय? या दोन गोष्टी त्यानं चाळीस वर्षं पाळल्या. पाळल्या म्हणूनच हे झालं.

दोन वर्षांपूर्वी शाळेचा निकाल घसरला. मुख्याध्यापकांनी मिस्त्रीला बोलावलं.

"मिस्त्री, बत्तीस खोकी पाहिजेत. बाकाला तीन बाजूंनी प्लाय. बसलेल्याला फक्त फळा दिसला पाहिजे."

"म्हणजे घोड्याच्या डोळ्यांना लावतात तसं, सर?"

"तसंच समजा."

मिस्त्रीनं बनवली. जीव ओतून बनवली. मुख्याध्यापक तपासायला आले, दोन फळ्यांमधल्या फटीत त्यांनी करंगळी घातली आणि म्हणाले, "इथून कॉपी होईल."

"सर, करंगळी जाईल एवढ्या फटीतून कॉपी करणारा पोरगा सापडला, तर त्याला पहिला नंबर देऊन टाका."

मुख्याध्यापक हसले नाहीत. मिस्त्रीनं पट्टी मारून फट बुजवली.

त्या खोलीच्या दारावर पाटी लागली, 'एकाग्रता कक्ष'. पोरं म्हणायची खुराडं. नववी-दहावीतले कमी मार्कांचे सगळे तिथे. सकाळी बसायचं ते शाळा सुटेपर्यंत. डबाही खोक्यातच खायचा, कारण बाहेर गेलं की वेळ जातो. बोललं की वहीत शेरा. खिडक्यांना अर्ध्यापर्यंत पांढरा रंग. दोन वर्षांत त्या खोलीत काय काय झालं, ते मी, याच वस्तीतली मोर्चेवाली ताई, नंतर घरोघर फिरून गोळा केलंय. एका मुलानं घरी बोलणं सोडलं. दोघी यायच्याच बंद झाल्या. एकीचे केस मुठीनं गळायला लागले. एक मुलगा दुपारी चारला घरी येऊन झोपायचा तो सकाळीच उठायचा, आई म्हणायची वाढीचं वय आहे. हे सगळं आवाज न करता झालं, म्हणून त्याला शिस्त म्हणाले. पाहुण्यांना ती खोली कौतुकानं दाखवायचे.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी मिस्त्री डागडुजीला यायचा. सैल स्क्रू आवळायचे, बिजागऱ्यांना तेल, आणि पोरांनी लिहिलेलं घासून काढायचं. घासायच्या आधी तो वाचायचा. शिव्या, बदाम, मुख्याध्यापकांचं शिंग फुटलेलं चित्र. त्या चित्राला त्यानं बायकोजवळ पैकीच्या पैकी मार्क दिले होते. घरी जाऊन तो बायकोला सगळं सांगायचा आणि दोघं हसायची.

एकोणीस नंबरच्या खोक्यात एक मुलगी बसायची. तिथे मात्र हसण्यासारखं नव्हतं. डावीकडच्या फळीवर, गुडघ्याच्या उंचीला, मुंग्यांएवढी अक्षरं. आधी पेननं.

'आज कुणी हाक मारली नाही.'

'हजेरी पण खुणेनं घेतात.'

मिस्त्रीनं वाचलं, पॉलिश पेपर मारला, पुसून टाकलं. पुढच्या महिन्यात परत. 'रात्री झोप येत नाही, इथे येते.' पुसलं. त्याच्या पुढच्या महिन्यात तिनं पेन सोडून कर्कटक घेतलं. अक्षरं खोल गेली. प्लायचा वरचा पापुद्रा कागदासारखा पातळ असतो. फार घासलं तर खालचं काळं लाकूड उघडं पडतं. म्हणून मिस्त्रीनं काय केलं, तर फळी काढली, उलटी केली आणि परत ठोकली. लिहिलेली बाजू शेजारच्या खोक्याच्या फळीला चिकटली. बाहेरून झकास.

पोरगी हुशार. नापासांच्या खोलीत बसवलेली पोरगी, पण एवढं तिनं बरोब्बर ओळखलं, की महिन्याच्या पहिल्या शनिवारनंतर अक्षरं नाहीशी होतात, म्हणजे कुणीतरी इथपर्यंत वाकतं. कुणाचा तरी चेहरा या अक्षरांसमोर येतो. कोऱ्या बाजूवर तिनं दोन महिने लिहिलं. आणि शेवटी हे:

'पॉलिशकाका, तुम्ही वाचता का? वाचत असाल तर इथे खाली एक रेघ ओढा. बाकी काही नको.'

मिस्त्रीनं ते तीन वेळा वाचलं. तसं तो मला म्हणाला. कानावरची पेन्सिल हातात घेतली. फळीवर टेकवली पण. आणि थांबला.

"का थांबलास?" मी नंतर विचारलं तेव्हा माझा आवाज अख्ख्या गल्लीत गेला असेल.

"ताई, तयार माल होता," तो म्हणाला. "त्यावर रेघ कशी ओढू?"

साठ वर्षांच्या त्या माणसाला बापाची थप्पड आठवली. एवढंच. पेन्सिल परत कानावर गेली. दोन्ही बाजूंनी कोरलेली फळी आता उलटूनही भागणार नव्हतं, म्हणून त्यानं तिथे नवी फळी मारली. जुनी कामाची होती, टाकवेना. त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी चषकांसाठी कपाट सांगितलं होतं. त्या कपाटाची पाठ त्यानं या फळीची केली. आतल्या बाजूला लाल मखमल चिकटवली, ती रेघ मागणारी बाजू भिंतीकडे गेली. तिकडे कोण बघतंय?

मुलीला सोमवारी नवीकोरी फळी दिसली. रेघ नाही. त्यानंतर तिनं त्या खोक्यात एक अक्षरही लिहिलं नाही.

तीन आठवड्यांनंतरचा बुधवार. शाळेचा वार्षिक फोटो. फोटोवाला सकाळीच स्टँड घेऊन आला, मैदानात पोरांना उंचीप्रमाणे उभं करायला लागला. खुराड्यातल्यांना सांगितलं, "तुमचा नंतर." नंतर म्हणजे कधीच नाही, हे त्यांना कळायला मार्क लागत नाहीत. बाहेरून आवाज येत होता, "जरा जवळ या! हसा! अरे, लग्नाला आल्यासारखं हसा!" आणि चारशे पोरं खरंच हसत होती.

एकोणीस नंबरची उठली. दोन्ही तळहात फळीला लावून तिनं ढकललं. हलेना. मिस्त्रीचं काम पक्कं होतं. मग तिनं पाय लावला. पलीकडच्या खोक्यातली मुलगी, जिचा चेहरा तिनं वर्षभरात धड पाहिला नव्हता, तिच्या बाजूनं ओढायला लागली. बोलणं झालं नाही. स्क्रू सुटले, दोन्ही खोक्यांच्या फळ्या खाली आल्या, आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या पलीकडच्या मुलीनं मला सांगितलं, "ती रडत नव्हती. तिचं तोंड असं होतं, जसं कुणी तिला झोपेतून उठवलंय."

मग बत्तीसच्या बत्तीस. पाव तासात खोलीत एक फळी उभी राहिली नाही. लोंढा मैदानात गेला, बाकीची पोरं त्यात मिसळली, फोटोवाल्याचा स्टँड आडवा झाला, कुणीतरी पहिला दगड मारला. शिक्षकांच्या खोलीच्या सगळ्या काचा गेल्या. लिपिकाच्या हाताला सात टाके पडले. त्याचं मी समर्थन करत नाही, तो बिचारा दारात उभा होता. पोलिसांची गाडी आली. दुसऱ्या दिवशी पेपरात तज्ज्ञ लोक आले. मोबाईल, संगत, संस्कार, बाहेरची फूस. बाहेरची फूस म्हणजे मी, हेही एकानं सुचवलं. अहो, मला त्या खोलीचा पत्ता आधी लागला असता तर मी दोन वर्षं थांबले असते का?

चौकशी बसली. पाच जण टेबलाच्या एका बाजूला, मुलगी आणि तिची आई दुसऱ्या. आई धुलाईच्या कारखान्यात चादरींना इस्त्री करते. अर्धी रजा काढून आली होती, अंगाला वाफेचा वास. "सुरुवात कुणी केली?" असं विचारल्यावर मुलगी म्हणाली, "मी."

"का?"

मिस्त्री कोपऱ्यात उभा होता, नुकसान मोजायला बोलावलेला. तिनं त्याच्याकडे बोट केलं. "मी सांगितलं होतं. लिहून. पाच महिने. यांना विचारा."

सगळ्यांनी मान वळवली. मुख्याध्यापक म्हणाले, "काय मिस्त्री? काही वाचलंत?"

या शाळेचं काम त्याच्याकडे एकवीस वर्षं होतं. तो म्हणाला, "मी सुतार माणूस, सर. मी घासतो. वाचत नाही."

ज्या माणसाला 'वाचता येतं का' विचारल्यावर राग यायचा, तो हे म्हणाला.

मुलगी खाली बसली. पुढच्या एकाही प्रश्नाला तिनं उत्तर दिलं नाही. शाळेतून काढायचं ठरलं. परीक्षा दोन महिन्यांवर, दुसरी कुठली शाळा आता घेणार? वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर जाऊ दे म्हणू. ती घरी गेली ती कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडली, ती उठेचना.

आठ दिवसांनी आईनं मिस्त्रीला निरोप धाडला. चौकशीत लेकीनं बोट केलं ते याच्याकडेच, हे ती विसरली नव्हती; पण दुसरं कोण होतं? गल्लीत सुतार म्हणजे तो एकच. तो हत्यारांची पिशवी घेऊन गेला. दुपारची वेळ. दारात आई हळू आवाजात म्हणाली, "तिच्या खोलीच्या दाराची आतली कडी काढायचीय. डॉक्टरांनी सांगितलंय. गोळ्या चालू आहेत, पण... दार आतून बंद व्हायला नको."

मिस्त्री आत गेला. कॉटवर पाठ दिसत होती. त्यानं चार स्क्रू काढले, कडी पिशवीत टाकली. आणि सवयीनं, नुसत्या सवयीनं, भुसा आणि सरस कालवून स्क्रूची भोकं बुजवायला बसला. बुजवली, वरून बोट फिरवून गुळगुळीत केली.

"भोकंसुद्धा ठेवली नाहीत." पाठमोरीच बोलली.

त्यानं सरसाचं बोट पुसलं.

"तुम्ही वाचत होतात ना?"

"हो," तो म्हणाला.

"मग रेघ?"

त्यानं सांगितलं. बाप, तयार माल, कानाखाली. सांगताना त्यालाच ते इतकं फुटकळ वाटलं, की मध्येच थांबला. मुलीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. चिडली असती, ओरडली असती, तर बरं झालं असतं असं तो म्हणतो. ती फक्त म्हणाली, "मला वाटलं मी नाहीच आहे." आणि परत भिंतीकडे वळली.

तिथून तो थेट माझ्याकडे आला. मी त्याला पाणी दिलं नाही. आधी शिव्या दिल्या, मग पाणी दिलं. आणि मग त्यानं कपाटाचं सांगितलं.

दुसऱ्या चौकशीला मी आईबरोबर गेले. मुलगी आली नाही, कॉटवरून उठलीच नाही. मिस्त्री टेबलासमोर उभा राहिला. "मागच्या वेळी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "मला वाचता येतं. सगळं वाचलं. ते चषकांचं कपाट फिरवा."

"काय फिरवा?"

"कपाट, सर. भिंतीकडची बाजू पुढे करा."

कुणी हलेना. मग त्यानं स्वतःच खांदा लावला. चषक आत खणखणले, एक आडवा पडला. कपाट फिरलं, आणि फळी उजेडात आली. वरपासून खालपर्यंत अक्षरं. मिस्त्री ओठ हलवत मोठ्यानं वाचायला लागला. 'आई विचारते काय झालं. काहीच होत नाही, हेच झालंय.' 'डबा खाताना स्वतःच्या चावण्याचा आवाज येतो.' 'पाऊण तास कुणी माझं नाव घेतलं नाही, मग मी हळूच घेऊन बघितलं.' आईनं पदर तोंडात कोंबला होता. शेवटी तो रेघ मागितलेल्या ओळीपाशी आला. तेवढं त्याला वाचता आलं नाही. मी वाचलं.

आता काहीतरी होईल, असं मला वाटलं. इतकी वर्षं रस्त्यावर घालवलेली बाई मी, पण वाटलं.

मुख्याध्यापकांनी चष्मा पुसला. म्हणाले, "म्हणजे बुधवारचा प्रकार अचानक झालेला नाही. ही मुलगी पाच महिने शाळेच्या मालमत्तेचं नुकसान करत होती." लिपिकानं टाके घातलेल्या हातानं लिहून घेतलं, 'शालेय मालमत्तेचे सातत्याने विद्रूपीकरण.' दुसरा आरोप. पहिल्याच्या खाली, नंबर घालून. काढून टाकण्याचा निर्णय कायम. मी काय काय बोलले ते इथे छापता येणार नाही. शिपायानं मला दंडाला धरून बाहेर काढलं, तोही खाली बघत होता.

मिस्त्रीचं काम गेलं. एकाग्रता कक्ष पुन्हा सुरू झालाय. खोकी आता पत्र्याची आहेत. पत्र्यावर कर्कटक चालत नाही.

मिस्त्री रोज संध्याकाळी पाच वाजता मुलीच्या घरी जातो. पहिल्या दिवशी त्यानं पाटीएवढा एक फळीचा तुकडा नेला, चारी कडा घासून, कोरा. कॉटजवळ ठेवला. बाजूला पेन्सिल. ती वळली नाही. दुसऱ्या दिवशीही तसाच कोरा. मग त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि त्या घासून तयार केलेल्या फळीवर स्वतः एक रेघ ओढली. आता रोज एक ओढतो. काल अकरा झाल्या. नवव्या दिवशी फळी जागची हलली होती. मिस्त्री धावत माझ्याकडे आला, दम लागलेला. मी चौकशी केली. आईनं झाडताना सरकवली होती.

सोमवारी वरच्या अधिकाऱ्यापुढे अपील आहे. मी जाणार, भांडणार, आणि हरणार असं मला वाटतं. मुलीला ते सांगितलं तर ती "बरं" म्हणाली. जिंकलो तरी ती कॉटवरून उठेल का, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

म्हणून तुमच्याकडे एक मागते. अपिलाला येऊ नका, मोर्चाला येऊ नका, पेपरात पत्र लिहू नका. उद्या पोराच्या शाळेत जा. त्याच्या बाकावर बसा आणि हात खाली घाला, गुडघ्यापाशी, जिथे कुणी बघत नाही तिथे. काही लागलं बोटांना, तर वाकून वाचा. पुसू नका, कुणी लिहिलं म्हणून ओरडू नका, मुख्याध्यापकांना दाखवायला धावू नका. खिशात पेन असेल. त्या अक्षरांखाली एक रेघ ओढा. आणि घरी आल्यावर पोराला त्याच्या नावानं हाक मारा.